कोळंबीची सालं, वाडीतली माती आणि कायटिनेज

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय ठरले, तेव्हा माझ्या वाट्याला मातीतल्या जिवाणूंपासून कायटिनेज, म्हणजे कोळंबीच्या सालातलं कायटिन तोडणारं एंझाइम, तयार करण्याचा विषय आला. वर्गात सगळ्यांचं म्हणणं, रत्नागिरीत राहून हिला फुकटात लॉटरी लागली. माती दाराबाहेर आणि कोळंबी जेट्टीवर. माती खरंच सोपी पडली. जिवाणूंनीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. वेळ खाल्ला तो त्या जिवाणूंना जे खायला घालायचं, ते तयार करण्यानं. आता कोणी ज्युनिअर विचारायला आली की या कामात कशाला जपू, तर मी आधी कायटिनचं सांगते. आपण शेवटी वहीत एंझाइमचा म्हणून जो आकडा लिहितो, तो जितका एंझाइमचा असतो तितकाच आपण बनवलेल्या कायटिनचाही असतो. हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा बादलीभर सालांनी जास्त नीट शिकवलं.

थोडक्यात पार्श्वभूमी. कोळंबी, खेकडा, शेवंड यांची कवचं, किड्यांची पाठ, बुरशीच्या पेशींची भिंत, या सगळ्यात कायटिन असतं. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन नावाच्या साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून त्याची लांब साखळी होते. जोडणी सेल्युलोजसारखीच, बीटा-१,४. निसर्गात सेल्युलोजच्या खालोखाल याचाच साठा मोठा मानतात. आंरी ब्राकोनो या फ्रेंच माणसानं १८११ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही कवचातून नव्हे, अळंबीतून. ही साखळी तोडणारं एंझाइम म्हणजे कायटिनेज. समुद्रात रोज एवढी कवचं तळाला जातात, तरी तिथे त्यांचे डोंगर साचत नाहीत, याचं श्रेय मुख्यतः कायटिन खाणाऱ्या जिवाणूंना. ते बघायला समुद्राच्या तळाशी जायचीही गरज नाही. आमच्याकडे माडाच्या आळ्यात कोळंबीची डोकी आणि सालं पुरायची पद्धत आहे. पावसाळ्यानंतर तेच आळं उकरा, सालांचा मागमूस नसतो. गुहागरला काकांच्या वाडीत हे मी लहानपणापासून बघत आले होते. म्हणून मातीचा पहिला नमुना तिथूनच आणला. दुसरा जेट्टीमागच्या कचऱ्याच्या जागेचा, तिसरा खाडीकाठच्या कांदळवनातला.

पण माती नंतर. आधी सालं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. प्रोजेक्ट जूनमध्ये सुरू होणार, आणि तेव्हा ताजी कोळंबी कुठून आणणार? माझ्या गाइड मॅडमनी मेमध्येच फोन करून सांगितलं, "सालं आत्ता गोळा करून ठेव, नाहीतर नारळी पौर्णिमेपर्यंत बसशील हात चोळत." मग मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडे गेले. त्यातल्या एका मावशींनी डोक्यापासून पायापर्यंत मला बघून घेतलं. "कोलंबी नको, नुसती सालं? काय करणार गो त्येचं?" मी म्हटलं, कॉलेजात लागतात. "कॉलेजात आता हे शिकवतात?" असं म्हणून त्यांनी बादली भरून दिली, वर पैसे घेतले नाहीत. एकच जात असलेली सालं हवीत, डोकी नकोत, हे मात्र त्यांना नीट सांगून वेगळं करून घेतलं. डोक्यात चरबी आणि पोटातली घाण असते, पुढे ती फार छळते.

घरच्या गच्चीवर मी ती वाळत घातली. आईची प्रतिक्रिया: "लोक मेमध्ये सोडे वाळत घालतात, आमची मुलगी सालं वाळत घालते." कावळे आणि शेजारची दोन मांजरं यांच्यावर पाळत ठेवावी लागली. कडक वाळल्यावर मिक्सरमधून भरड काढली. (मिक्सरचं ते भांडं त्यानंतर कायमचं लॅबचं झालं.)

सुक्या सालात साधारण तीन गोष्टी असतात: कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन. कायटिनचा वाटा ढोबळमानानं वीस ते तीस टक्के. बाकीच्या दोघांना बाहेर काढायचं. चुन्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. भरड घातली की कार्बन डायऑक्साइडचा असा फेस उसळतो की पाव भांडं भरलेलं असलं तरी वर येतो. म्हणून भांडं मोठं आणि आम्ल थोडंथोडं. फेस थांबला की एक तुकडा चिमट्यानं उचलून बघायचा: मघाशी कडकन मोडणारं साल आता लवचिक, अर्धपारदर्शक पापुद्रा झालेलं असतं, बोटांत दुमडलं तरी तुटत नाही. हा बदल बघताना मला दर वेळी मजा वाटायची. त्या एका स्पर्शात कवचाचा कडकपणा कुणाचा आणि चिवटपणा कुणाचा, ते कळतं.

मग प्रथिनांसाठी १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, वॉटर बाथवर गरम. कोकणातल्या हवेत याच्या गोळ्या वजन करणं ही एक शर्यतच. बटर पेपरवर टाकून काट्याकडे बघेपर्यंत त्या ओलसर होऊन चकाकायला लागतात आणि आकडा चढत राहतो. बाटली उघडली की झाकण लगेच बंद, हे आमच्या लॅबच्या मामांचं पालुपद होतं. गरम अल्कलीत पाणी तांबूस तपकिरी होतं, वास असा की बाजूच्या लॅबमधून दार लावून घेतलं जायचं. पाणी रंगहीन निघेपर्यंत नवीन अल्कली घालत राहायची. इथे अति उत्साह नको. चाळीस-पन्नास टक्क्यांची जहाल अल्कली आणि भरपूर उष्णता वापरली तर कायटिनवरचे ॲसिटिल गट निघून त्याचं कायटोसॅन होतं, आणि मग आपण भलत्याच पदार्थावर काम करत बसतो. खात्री करायला सोपी चाचणी आहे: चिमूटभर पीठ १ टक्का ॲसिटिक आम्लात टाकायचं. कायटोसॅन विरघळतं, कायटिन तसंच राहतं. शेवटी ॲसिटोननं धुऊन गुलाबी रंग काढला. शंभर ग्रॅम सुक्या सालांमागे वीसेक ग्रॅम पांढुरकं पीठ हाती आलं.

एवढ्यावरही काम संपत नाही. कायटिन पाण्यात विरघळत नाही; पीठ तसंच माध्यमात घातलं तर तळाशी बसतं आणि त्याच्या घट्ट स्फटिकी रचनेत एंझाइमला शिरायला वाव मिळत नाही. म्हणून त्याचं कोलॉइडल कायटिन, म्हणजे पाण्यात पसरून राहणाऱ्या अगदी बारीक कणांचा लगदा, करायचं. बारीक चाळलेलं दहा ग्रॅम पीठ, शंभर मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, भांडं बर्फात आणि बर्फासकट फ्यूम हुडमध्ये. पीठ चमच्याचमच्यानं, ढवळत घालायचं, एकदम टाकलं तर गुठळ्या. मग रात्रभर ४ अंश सेल्सिअसला चुंबकी ढवळणीवर. सकाळी चिकट, तपकिरी द्रव तयार असतो. तो ग्लास वूलमधून गाळून, बर्फगार पाण्याच्या मोठ्या बीकरमध्ये बारीक धारेनं सोडायचा, पाणी जोरात फिरत असताना. धार पडते तिथे पांढरे धागे दिसतात आणि बघता बघता सगळं पाणी दाट होतं. मग सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी फेक, नवीन पाणी, परत सेंट्रिफ्यूज, पीएच पेपर सहा-सातच्या मध्ये येईपर्यंत. इथे कंटाळून चालत नाही. आम्ल राहिलं तर ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करताना) प्लेट गोठवणारं अगर फुटतं आणि प्लेट गोठतच नाही. शेवटी हाती येतं ते तांदळाच्या घट्ट पेजेसारखं दिसतं. ते कधीही सुकू द्यायचं नाही; एकदा सुकलं की पाण्यात पुन्हा तसं पसरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या पेजेत कायटिन किती आहे? 'एक टक्का कोलॉइडल कायटिन' असं सगळे सर्रास लिहितात. एक टक्का कशाचा? ओल्या लगद्याचा की सुक्या वजनाचा? मॅडमनी सांगितलं म्हणून मी प्रत्येक घाण्यातले (एका वेळी केलेल्या लगद्यातले) दहा मिलिलिटर वजन केलेल्या बशीत ओव्हनमध्ये सुकवून परत वजन करायचे आणि त्यावरून टक्के काढायचे. शिवाय घाण्यांना अ, ब, क अशी नावं दिली. पुढे कुतूहल म्हणून एकाच दिवशी, एकाच नळीतलं एंझाइम, अ आणि ब या दोन घाण्यांवर चालवलं. सुकं वजन दोन्हीकडे सारखंच ठेवलं होतं. ब वरचा आकडा जवळपास सव्वापट आला. कण किती बारीक झालेत, आम्लानं साखळी किती तुटली, कण किती फुगलेत, सगळं त्यात येतं. तेव्हापासून सगळी तुलना एकाच घाण्यावर करायची, असं ठरवून टाकलं.

काही ठिकाणी हे सगळं टाळून प्लेटमध्ये थेट सालाचं पीठ घालतात, असं ऐकलं होतं. त्यात फसगत आहे. त्या पिठात चुना आहे, प्रथिनंही आहेत. आम्ल सोडणारा कुठलाही जिवाणू चुना विरघळवून भोवती स्वच्छ वर्तुळ करून दाखवतो. प्रथिनं पचवणाराही थोडंफार तसंच करतो. कायटिनेजचा त्यात काही संबंध नसला तरी वर्तुळ दिसतं आणि माणूस खूश होतो.

मातीचं काम त्यामानानं पटापट झालं. पृष्ठभागाखालची माती, निर्जंतुक पाण्यात पायरीपायरीनं विरल केलेली, कोलॉइडल कायटिन अगरच्या प्लेटवर पसरलेली. माध्यमात फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, चिमटीभर लोह. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीसाठी कायटिनशिवाय काही नाही. बुरशीनं सगळं व्यापू नये म्हणून सायक्लोहेक्झिमाइड. ३० अंशाला ठेवलं. ज्याला कायटिन पचत नाही तो इथे उपाशी, बारीक ठिपक्याएवढा राहतो. प्लेट दुधी असते; ज्याला पचतं त्याच्याभोवती ती पारदर्शक होते. पहिली वर्तुळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. जेट्टीमागच्या नमुन्यात एक गंमत दिसली: काही वसाहती खड्ड्यात बसल्यासारख्या अगरमध्ये खचलेल्या. ते अगरच खाणारे जिवाणू. अगर मुळात समुद्री शेवाळातून काढतात, त्यामुळे किनाऱ्यालगत ते खाणारे भेटणं साहजिकच होतं.

सगळ्यात मोठं वर्तुळ एका लालभडक वसाहतीभोवती होतं. मी हरखून गेले. मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाल्या, "सेराशिया दिसतोय. कायटिनेजसाठी जगभर याच्यावर काम झालंय, तुला नवीन काही मिळणार नाही. आणि आजारी माणसाला हा त्रास देऊ शकतो, पुढे शेतात वापरायचं कुणी नाव काढलं तर आपणच नको म्हणणार." ग्राम चाचणी, ३७ अंशाला लाल रंग न येणं, सगळं त्याच बाजूनं होतं. तो थंड कपाटात गेला. आम्ही घेतला तो काकांच्या माडाच्या आळ्यातला एक हळू वाढणारा, खडूच्या पुडीसारखी राखाडी भुकटी असलेला. वसाहत कातड्यासारखी चिवट, लूपनं खरवडली तर अगरसकट निघायची, आणि झाकण उघडलं की ओल्या मातीचा वास. स्ट्रेप्टोमायसिस असणार हे तिथेच कळलं होतं. नंतर पुण्याहून १६ एस आरआरएनए या, जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या जनुकाचा क्रम करून आला, त्यानंही तेच सांगितलं. प्रजातीचं नाव मी थिसिसमध्ये लिहिलं नाही. या वंशात एवढ्या एका जनुकावर प्रजाती ठामपणे सांगता येत नाही.

स्ट्रेप्टोमायसिसला फ्लास्कमध्ये वाढवणं म्हणजे संयमाची परीक्षा. इतर जिवाणूंसारखं माध्यम एकसारखं गढूळ होत नाही, बारीक गोळे होऊन फिरत राहतात. त्यामुळे प्रकाशशोषणावरून वाढ मोजता येत नाही. गाळून, सुकवून वजनच करावं लागतं. मी आधी वाढ चांगली व्हावी म्हणून एका फ्लास्कमध्ये थोडं ग्लुकोज घालून पाहिलं. वाढ दणदणीत झाली आणि कायटिनेज जवळजवळ नाहीच. पुस्तकात हे वाचलेलं होतंच: सोपी साखर समोर असताना जिवाणू कायटिनेज बनवायच्या भानगडीत पडत नाही, आणि कायटिनचे छोटे तुकडे मिळाल्याशिवाय ती जनुकं नीट चालूच होत नाहीत. पण दोन फ्लास्क शेजारी ठेवून बघणं वेगळंच.

रोज त्याच वेळी नमुना काढायचे, ४ अंशाला सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव एंझाइम म्हणून घ्यायचे. पहिले दोन दिवस द्रवात फारसं काही सापडेना. मी हताश. मॅडमनी विचारलं, "फ्लास्कमध्ये कायटिन शिल्लक आहे ना? मग एंझाइम त्यालाच चिकटून बसलं असेल." बऱ्याच कायटिनेजना कायटिनला धरून ठेवणारा वेगळा भाग असतो. आपण सेंट्रिफ्यूजमध्ये कायटिन खाली बसवतो, त्याच्याबरोबर एंझाइमही खाली जातं. चौथ्या दिवसापासून कायटिन संपत आलं तसं द्रवातलं एंझाइम वर आलं, पाचव्याला सर्वांत जास्त, पुढे उतरण. उतरणीला जिवाणूनंच सोडलेली प्रथिनं तोडणारी एंझाइमं कारणीभूत असावीत, असा आमचा कयास. तो तपासायला वेळ मिळाला नाही.

मोजणीसाठी डीएनएसए (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धत, १९५९ साली मिलरनं प्रसिद्ध केलेली. तत्त्व साधं: साखळी तुटली की साखरेची मोकळी टोकं तयार होतात, ती डीएनएसएचा पिवळा रंग उकळल्यावर लालसर तपकिरी करतात, ५४० नॅनोमीटरला वाचायचं. प्रत्यक्षात हात गुंततात ते कोलॉइडल कायटिन पिपेटनं घेताना. टिपच्या टोकाशी ते अडकतं, बाहेरून एक मिलिलिटर दिसतं आणि आत बुडबुडा असतो. उपाय म्हणजे टिपचं टोक कात्रीनं तिरकं छाटायचं आणि प्रत्येक वेळी घेण्याआधी बाटली हलवायची. एकदाच हलवून दहा नळ्या भरल्या तर पहिलीत आणि दहावीत वेगळं कायटिन जातं.

ब्लँकचंही, म्हणजे वजा करायच्या तुलनेच्या नळीचंही, तसंच. कोलॉइडल कायटिनमध्ये आम्लामुळे आधीच तुटलेली टोकं असतात, ती एंझाइम नसतानाही रंग देतात. कच्च्या एंझाइममध्ये फ्लास्कमध्ये सुटलेली साखर असते, तीही रंग देते. म्हणून दोन वेगळे ब्लँक: एक फक्त कायटिनचा, एक फक्त एंझाइमचा. दोन्ही वजा केल्याशिवाय उरलेला रंग आपला नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांच्या नमुन्यांत तर वजाबाकीनंतर जवळजवळ शून्यच उरायचं.

हिशेब एकदा करून दाखवते, कारण इथेच पेपर वाचताना गोंधळ होतो. समजा एक मिलिलिटर एंझाइमनं ३० मिनिटांत ब्लँक वजा जाता ३३२ मायक्रोग्रॅम साखर सोडली. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचा रेणुभार २२१, म्हणजे ती १.५ मायक्रोमोल झाली. तीसनं भागा: मिनिटाला ०.०५ मायक्रोमोल, म्हणजे (मिनिटाला एक मायक्रोमोल म्हणजे एक युनिट धरलं तर) मिलिलिटरला ०.०५ युनिट. आता कुणी युनिटची व्याख्या तासावर केली की तेच एंझाइम ३ युनिटचं होतं. नॅनोमोलवर केली तर मिनिटाला ५०. एंझाइम तेच, नळी तीच. त्यात घाणा वेगळा, तापमान वेगळं. 'आमचं कायटिनेज अमुकपट प्रभावी' अशी वाक्यं वाचली की मी आता आधी पद्धतीचं पान उघडते.

शुद्धीकरणाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. अमोनियम सल्फेट ८० टक्के संपृक्ततेपर्यंत. बर्फावर लिटरमागे अर्ध्या किलोहून थोडं जास्तच लागतं, आणि ते चिमूटचिमूट घालत बसावं लागतं. मग डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून क्षार बाहेर जाऊ देणं. पिशवीला गाठ मारताना वर रिकामी जागा ठेवायची, रात्रीतून ती पाणी पिऊन टम्म होते. पुढचा टप्पा मात्र मला आवडला: एंझाइम कायटिनला चिकटतं म्हणून जे आधी छळत होतं, तेच आम्ही कामाला लावलं. गारठ्यात एंझाइम कोलॉइडल कायटिनबरोबर फिरवलं, चिकटू दिलं, बाकीची प्रथिनं धुऊन टाकली, मग कायटिन पचू देऊन एंझाइम मोकळं केलं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस-पेज जेलवर ठळक पट्टा ४३ आणि ६६ किलोडाल्टनच्या खुणांच्या मध्ये आला, एक पुसट सोबतीही होता. म्हणजे 'शुद्ध' म्हणवत नाही. थिसिसमध्ये 'अंशतः शुद्ध' असंच आहे.

गुणधर्म तपासताना पीएचसाठी वेगवेगळे बफर (पीएच स्थिर ठेवणारी द्रावणं) लागतात आणि जिथे दोन बफर एकमेकांवर येतात तिथे दोन्हींत वाचन घ्यायला हवं, नाहीतर वक्रातला खड्डा पीएचचा की बफरचा ते कळत नाही. सहाच्या आसपास सर्वांत चांगलं काम. तापमानाचं खरं बोलायचं तर 'इष्टतम ५० अंश' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तीस मिनिटांच्या चाचणीत ५० अंशाला आकडा सर्वांत वर होता, पण कायटिनशिवाय नुसतं एंझाइम तासभर ५० अंशाला ठेवलं तर निम्म्याच्या आसपासच उरलं. चाचणी दोन तासांची केली असती तर 'इष्टतम' ४० ला उतरलं असतं. पाऱ्याच्या क्षारानं काम बंद पाडलं, हे अपेक्षितच. मिठाची चाचणी मी हट्टानं लावून घेतली होती, समुद्राकाठच्या मुलीला ते विचारायलाच हवं: ३ टक्के मिठातही एंझाइम बऱ्यापैकी टिकलं.

या सगळ्याचा उपयोग काय, हे काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यांच्या पोफळीला पावसाळ्यात कोळेरोग येतो, हिरवी सुपारी गळून खाली सडा पडतो. दर पावसाळ्यात माणूस चढवून १ टक्का बोर्डो मिश्रण मारावं लागतं, आणि चढणारी माणसं आता मिळत नाहीत. "काय गो, तुझं ते औषध आमच्या सुपारीवर चालेल का? तुमच्या भाषेत बुरशीच ना ती?" नाही म्हणावं लागलं. कोळेरोग फायटोफ्थोरामुळे होतो. दिसायला, वागायला तो बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशींपैकी नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज आणि ग्लुकॅन, कायटिन नावापुरतंच. कायटिनेज तिथे काय करणार? काका म्हणाले, "म्हणजे माती माझी, आणि औषध आंबेवाल्यांना."

आंब्याच्या करप्याचा मामला वेगळा. तो कोलेटोट्रिकम या खऱ्या बुरशीमुळे होतो आणि तिच्या भित्तिकेत कायटिन आहे. करपलेल्या हापूसच्या पानावरून ती बुरशी वेगळी करून प्लेटवर वाढवली, बाजूला खड्डे पाडून एंझाइमचा द्रव घातला. बुरशी खड्ड्याजवळ येऊन थबकली, छान रिकामी कड दिसली. फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. पण स्ट्रेप्टोमायसिस प्रतिजैविकं बनवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ही कड एंझाइमची की प्रतिजैविकाची? म्हणून तोच द्रव उकळून, गार करून, शेजारच्या खड्ड्यात. उकळलेल्यात कायटिनेज शून्य आहे हे मोजून घेतलं. तरी कड आलीच, थोडी लहान. म्हणजे थांबवण्याचं मोठं काम उष्णता सोसणारं दुसरंच काहीतरी करत होतं. डायलिसिस केलेल्या एंझाइमनं एकट्यानं दिलेली कड अगदी अरुंद होती. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या तंतूंची टोकं फुगलेली, काही फुटलेली दिसली. मी दोन्ही फोटो थिसिसमध्ये शेजारी लावले. कायटिनेजवरच्या कामांत उकळलेला ब्लँक न लावता बुरशीनाशक गुण जाहीर केलेले दिसतात, तेव्हा मला ते पटत नाही.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमका तोच प्रश्न काढला ज्याची मी वाट बघत होते: "इतरांचे आकडे याच्या कितीतरी पट आहेत, तुमचं एवढं कमी का?" मी युनिटच्या व्याख्येचं पान दाखवलं, मग अ आणि ब घाण्याचा तक्ता. ते थोडा वेळ तक्ता बघत राहिले. मग म्हणाले, घाण्याचा प्रश्न टाळायचा तर विरघळणारा, ठरावीक रचनेचा तयार सब्स्ट्रेट (एंझाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) घ्या. पॅरा-नायट्रोफिनॉल जोडलेले कायटिनचे लहान तुकडे मिळतात, एंझाइमनं ते तोडले की पिवळा रंग सुटतो, तो थेट वाचता येतो.

सूचना बरोबर आहे, किंमत ऐकून मात्र आमच्या लॅबचे डोळे पांढरे झाले. काही मिलिग्रॅम मागवलेत. पण माझं मॅडमशी यावर अजून एकमत नाही. त्या तयार तुकड्यावर जगातल्या सगळ्या कायटिनेजची तुलना करता येईल, मान्य. पण दोन साखरांचा विरघळलेला तुकडा कापणारं एंझाइम खऱ्या कवचाशी भिडेलच असं नाही, आणि माडाच्या आळ्यात तर कवच आहे. म्हणून या वर्षीच्या ज्युनिअरला उणे २० अंशाला ठेवलेलं माझंच एंझाइम दोन्हींवर चालवायला दिलंय: तयार सब्स्ट्रेट, आणि घाणा क. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, शेजारच्या रकान्यांत लिहायचे, एवढी अट मॅडमनीही मान्य केली आहे.